दहा बोटं तुमची, व्हिसा कुणाचा?

‘अंगठेबहाद्दर’ हा आपल्याकडचा जुना टोमणा. ज्याला सही येत नाही, तो अंगठेबहाद्दर! पणजीच्या काळी जमिनीच्या कागदावर, सोसायटीच्या कर्जावर कुणीतरी नाव लिहायचं आणि शेजारी निळ्या शाईत उमटायची ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. मग शाळा आल्या, सही आली, सहीला झोकदार फराटेही आले. आणि आता गंमत बघा... एमबीए झालेली, गोकुळ शिरगावच्या कंपनीत शंभर माणसांचा पगार काढणारी मुलगी लग्न करून परदेशी निघते, तेव्हा तिच्याकडे पुन्हा काय मागतात? अंगठा! तोही एक नाही, दोन्ही. वर उरलेली आठ बोटं.

याचं स्टायलिश नाव बायोमेट्रिक्स. आणि या आठवड्याचा आपला विषय आहे ही बोटं, त्यानंतर मिळणारा राहण्याचा परवाना, आणि फॉर्मवर आपल्या नावापुढे छापून येणारा तो एक शब्द... डिपेंडंट.

मी स्वतः पाच वर्षं डिपेंडंट होते. २०१६ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला गेले. तेव्हा पासपोर्टवर नुसतं तीस दिवसांचं स्टिकर लागायचं आणि पोचल्यावर दहा दिवसांच्या आत तिथल्या पोस्टात जाऊन बीआरपी, म्हणजे बायोमेट्रिक रेसिडन्स परमिट, घ्यायचं. गुलाबीसर प्लॅस्टिकचं कार्ड. त्यावर माझा फोटो, माझं नाव, आत चिप आणि चिपमध्ये माझेच ठसे. मागे लिहिलेलं, ‘नो पब्लिक फंड्स’. म्हणजे बाई, कमवा आणि खा, सरकारी भत्ता मागू नका! सगळं काही माझं. मुदत मात्र नवऱ्याच्या व्हिसाची. तो असेल तोवर मी.

आता परत कोल्हापुरात आल्यापासून दर लग्नसराईत दोन-चार फोन येतातच. ‘ताई, बायोमेट्रिकला काय विचारतात?’ ‘वहिनी, एच-४ वर नोकरी चालते का?’ फोन करणारे आता फक्त मुलीच नसतात बरं का. बायकोच्या नोकरीमागे निघालेले नवरेही असतात, आणि त्यांचा आवाज जरा जास्तच हळू असतो! त्यांना जे सांगते तेच आज लिहिते.

बोटं आपणच शिकवली

आधी एक भारी गोष्ट. परदेशी खिडकीसमोर बोटं टेकताना ‘हे काय गुन्हेगारासारखं’ असं वाटतं ना? तर ही पद्धत जगभर गेली ती आपल्याकडून. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. हेतू साधा, उद्या माणसाने ‘ही सही माझी नव्हे’ म्हणू नये. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांची वर्गवारी बसवण्यात मोठा वाटा उचलला, पण पद्धतीला नाव लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. १९०१ मध्ये ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोचली. आणि आधार कार्डाचा पहिला नंबर २९ सप्टेंबर २०१० रोजी मिळाला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावच्या रंजना सोनवणे यांना. तेव्हा ठसे देण्यात लाज कसली? फक्त आपण काय देतोय आणि बदल्यात काय मिळतंय, ते नीट कळलं पाहिजे.

मशीनला कळतं ते एवढंच की ही बाई तीच आहे. तिला तिथे राहायचा हक्क कशामुळे मिळालाय, किती दिवस आहे आणि कधी जाईल, हे बोटांत लिहिलेलं नसतं. ते परवान्यात असतं. बहुतेक घोळ या दोन गोष्टी एकच समजण्यातून होतात.

मेंदीवाल्या ताईंना सांगून ठेवा

आता प्रॅक्टिकल. कोल्हापूरकरांना ब्रिटनच्या व्हिसासाठी पुण्याचं सेंटर जवळ. अमेरिकेसाठी मुंबई गाठावी लागते, म्हणजे रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि सकाळी धावपळ. आधी ठसे आणि फोटो, मग वेगळ्या दिवशी कॉन्सुलेटमध्ये मुलाखत.

आणि नवरीचा खास प्रॉब्लेम... मेंदी! आपल्याकडे बोटांची टोकं गच्च भरल्याशिवाय मेंदी पूर्ण होत नाही. ब्रिटनच्या व्हिसाच्या सूचनांत मात्र स्पष्ट असतं की बोटांच्या टोकांवर मेंदी, कापल्याची खूण, पट्टी काही नको. लग्नानंतर चौथ्या दिवशीची अपॉइंटमेंट असेल तर टोकं मोकळी सोडायला सांगा, किंवा तारीखच दोन-तीन आठवड्यांनी घ्या. हातावर हवा तेवढा मोर काढा, कुणाची ना नाही!

भांडी, साबण, शेतकाम यांनी झिजलेले ठसेही पटकन उमटत नाहीत. रेशन दुकानातल्या मशीनसमोर आजी तीन-तीनदा अंगठा पुसते, ते आपण बघितलंय. आठवडाभर हाताला क्रीम लावा. एवढंच.

तांदळातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, कधीकधी स्वतःचंही नाव बदलतं. सकाळची एक मुलगी संध्याकाळी तीन शब्दांनी वेगळी होते! घरात ठीक आहे हो. पण परवान्यावर तेच नाव येतं जे पासपोर्टवर आहे. डिग्री एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या, लग्नाचा दाखला तिसऱ्या, असं झालं की तिकडे नोकरी शोधताना प्रत्येक ठिकाणी खुलासा देत बसा.

नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर व्हिसाच्या अर्जाच्या आधी सगळीकडे एकसारखं बदला, नाहीतर आहे तसंच राहू द्या. अर्ध्यात नको. आणि हॉलच्या पावतीला दाखला समजू नका. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करून घ्या, महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. लग्नाच्या धामधुमीत हे मागे पडतं आणि मग तिकिटं काढल्यावर पळापळ.

स्टिकरची तारीख आणि राहण्याची तारीख

हा पेपरातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि नापासही यातच होतात. व्हिसा म्हणजे दारातून आत शिरायची परवानगी. राहायची परवानगी वेगळी.

अमेरिकेत किती दिवस राहता येईल ते पासपोर्टवरचा स्टॅम्प सांगत नाही, ते ‘आय-९४’ नावाची नोंद सांगते. ती इंटरनेटवर बघता येते. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर ही तारीखही आखूड पडू शकते, नवऱ्याची लांब आणि बायकोची छोटी! म्हणून उतरल्यावर आपली स्वतःची नोंद उघडून बघायची. नवऱ्याची बघून ‘आपलंही तेच असेल’ म्हणायचं नाही. आणि त्याच्या कंपनीने त्याचा एच-१बी वाढवला म्हणजे तुमचा एच-४ आपोआप वाढत नाही. त्याचा अर्ज वेगळा.

याच अर्जावरून मोठा गोंधळ झाला होता. मार्च २०१९ पासून अमेरिकेने मुदतवाढ मागणाऱ्या एच-४ वाल्यांना ठसे सक्तीचे केले. अर्ज रखडले, त्याला जोडलेले वर्क परमिट रखडले, आणि चांगल्या हुद्द्यावरच्या बायकांना कागद न आल्यामुळे घरी बसावं लागलं. प्रकरण कोर्टात गेलं. मे २०२१ मध्ये ती सक्ती थांबवली गेली. अंगठ्याच्या एका ठशापायी कुणाचा पगार थांबतो, तो असा.

जर्मनीत पद्धत निराळी. व्हिसावर जायचं, राहत्या घराची नोंद करायची, मग परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून कार्ड घ्यायचं. सप्टेंबर २०११ पासून हे कार्ड चिपचं आहे आणि त्यात दोन बोटांचे ठसे असतात. ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट’ असं काहीतरी वाचायला मिळालं तर घाबरू नका. तो आजार नाही, ‘नोकरी-धंद्याला परवानगी’ असा अर्थ आहे! तिथे अशा जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं.

कार्ड गेलं, लॉगिन आलं

ब्रिटनमध्ये परदेशी लोकांची ही बायोमेट्रिक कार्डं २५ नोव्हेंबर २००८ पासून सुरू झाली. सुरुवात कुणापासून? परदेशी विद्यार्थी आणि लग्नाच्या व्हिसावर आलेले जोडीदार. म्हणजे सुना आणि जावई अगदी पहिल्या रांगेत! बहुतेक कार्डांवर शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. आता कार्ड नाही, ‘ई-व्हिसा’ आहे. सगळं ऑनलाइन खात्यात. नोकरी हवी, घर भाड्याने हवं, तर खात्यात शिरायचं, एक शेअर कोड काढायचा आणि तो मालकाला द्यायचा. कोड ९० दिवस चालतो.

ऐकायला किती सोपं! पण आता माझं ऐका.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. तिकडे पोचली, नोकरी मिळाली, कंपनीने शेअर कोड मागितला. तिने खातं उघडायला घेतलं तर सिक्युरिटी कोड दुसऱ्याच कुणाच्या मेलवर जातोय. अर्ज भरताना एजंटने स्वतःचा ई-मेल टाकला होता, आणि मोबाइल नंबर दिराचा! एजंट फोन उचलेना, दीर ऑफिसात. लेकीचे ठसे सरकारकडे, फोटो सरकारकडे, परवाना तिच्या नावावर, आणि किल्ली दोन परक्या खिशांत. आठ दिवस गेले निस्तरण्यात. नोकरी टिकली, हे तिचं नशीब आणि कंपनीचा चांगुलपणा.

ही तर नुसती निष्काळजी होती. घरात मुद्दाम कुणी असं केलं तर? पूर्वी कार्ड पर्समध्ये तरी असायचं. ते लपवायला कपाटाचं कुलूप लागायचं. आता पासवर्ड बदलला की झालं.

म्हणून माझा सगळ्यांना एकच सल्ला. व्हिसाच्या अख्ख्या भानगडीत फॉर्म नवरा भरू शकतो, फी सासरे भरू शकतात, कागद एजंट लावू शकतो. बोटं मात्र तुम्हालाच द्यावी लागतात. त्या खिडकीसमोर तुमच्याऐवजी कुणी उभं राहू शकत नाही. मग तोच दिवस धरा. अर्जाची पूर्ण प्रत त्या दिवशी स्वतःच्या हातात घ्या, प्रत्येक ओळ वाचा, ई-मेल स्वतःचा आहे का बघा, नंबर स्वतःचा आहे का बघा. तिकडचा नवा नंबर घेतला की खात्यात बदला. पासपोर्ट नवा काढला तर तोही खात्याला जोडा. पाच मिनिटांचं काम आहे हो.

दोरी कुणाच्या हातात?

आता जरा गंभीर. डिपेंडंट म्हणजे तुमचा परवाना दुसऱ्याच्या परवान्याला टांगलेला. तिकडची दोरी तुटली की इकडचं खाली. अमेरिकेत एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवड असते, आणि ती सगळ्या कुटुंबाला मिळून. तेवढ्यात दुसरी नोकरी, दुसरा व्हिसा, नाहीतर सामान बांधा.

नोकरीचंही तसंच. एच-४ वर सरसकट काम करता येत नाही. मे २०१५ पासून ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत गेलंय, त्यांना वर्क परमिट मागता येतं. त्या नियमाविरुद्धची याचिका ऐकायला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नकार दिला. एल-२ वरच्या जोडीदाराला मात्र नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या वर्क परमिटशिवाय काम करता येतं. दोन्ही नवरे एकाच ऑफिसात, दोन्ही बायका एकाच बिल्डिंगमध्ये. एक नोकरीला जाते, दुसरी खिडकीतून बघते. फरक फक्त एका अक्षराचा!

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला बहुतेक सगळी कामं करता येतात. पण १ जानेवारी २०२४ पासून शिकायला जाणाऱ्या बहुतेकांना जोडीदार नेता येत नाही, संशोधनाचे कोर्स सोडून. आणि ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करलाही नाही. ‘तो मास्टर्सला चाललाय, मागोमाग तूही जाशील’ असं कुणी सांगितलं तर आधी कोर्स विचारा.

आणि ज्या घरात त्रास आहे तिथे ही दोरी गळ्याशी येते. ‘जास्त बोललीस तर व्हिसा कॅन्सल करीन’ ही धमकी आपल्या मुलींनी ऐकलीय. मैत्रिणींनो, परवाना सरकार देतं आणि सरकारच काढतं. नवरा फार तर कळवू शकतो. आणि यातून वाटाही आहेत. ब्रिटनमध्ये घरगुती छळ झालेल्या जोडीदाराला तीन महिन्यांची स्वतंत्र तात्पुरती परवानगी मागता येते. अमेरिकेत छळ झालेल्या एच-४ जोडीदाराला वेगळं वर्क परमिट मागता येतं. जर्मनीत साधारण तीन वर्षं एकत्र संसार झाला की राहण्याचा स्वतंत्र हक्क उभा राहतो, आणि छळासारख्या कारणाने त्याआधीही. आपल्या राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय विवाहांसाठीचा कक्षही २००९ पासून आहे. हे माहीत असलेली मुलगी आणि नसलेली मुलगी, दोघींच्या आवाजात फरक पडतो.

‘हे गोरे लोकच असले’ असंही म्हणू नका. आपल्याकडे परदेशी सून आली तर नोंदलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाल्याशिवाय तिला लग्नाच्या आधारावर ओसीआय कार्ड मागता येत नाही. आणि घटस्फोट झाला तर ते रद्द करता येतं. तिचीही दोरी आपल्याच घरात बांधलेली असते. तेव्हा तिचा पासपोर्ट सासूबाईंच्या लॉकरमध्ये नको, तिच्याच कपाटात असू दे.

याद्यांच्या बैठकीत विचारा

आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात. पाचपन्नास माणसं बसतात, मानपान ठरतो, हॉल ठरतो, जेवणात किती स्वीट ते ठरतं. मुलगा परदेशात आहे म्हटल्यावर पगार तेवढा विचारतात, तोही डॉलरमध्ये, आणि मनातल्या मनात गुणाकार करतात! पुढच्या वेळी त्याच बैठकीत, कुणाचा अपमान न करता, एवढं विचारा:

व्हिसा नेमका कुठल्या प्रकारचा आणि कधी संपतो?

त्यावर जोडीदाराला नेता येतं का, आणि तिला किंवा त्याला काम करता येतं का?

नोकरी गेली तर पुढे काय, किती दिवस हातात?

अर्ज कोण भरणार, आणि ई-मेल कुणाचा?

तिकडे पोचल्यावर पासपोर्ट कुणाकडे राहणार?

चांगल्या घरातला मुलगा हे प्रश्न ऐकून रागावत नाही. उलट ‘बरं झालं विचारलंत’ म्हणतो आणि मोबाइल काढून दाखवतो. जो चिडतो, त्याच्या चिडण्यातूनही उत्तर मिळतंच की!

बाकी नियम बदलत राहतात. म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर स्वतः वाचा. माझ्या कॉलमवर नको, एजंटवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. कागदांची एक फाइल, तिचे फोटो स्वतःच्या मेलवर, पासवर्ड स्वतःच्या डोक्यात. आणि हो, बॅगेत कांदा-लसूण चटणीची बरणी नीट पॅक करा. सगळे परवाने मिळाले तरी ती तिकडे मिळत नाही!